लवकर गोठणारी गोळी

फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटलेली काचेची बरणी ओढायला गेले, तर ती निघेचना. जरा जोर लावल्यावर कट् असा आवाज करून हातात आली. आतलं पाणी हललं नाही. बरणी आडवी केली, उलटी केली, तरी नाही. मधोमध बर्फात रुतून बसलेल्या तेवीस हिरव्या गोळ्या मात्र छान दिसत होत्या, काचेच्या पेपरवेटमध्ये काहीतरी घालून ठेवतात ना, तशा.

"अगं, वितळलं की होईल सगळं ठीक," हे म्हणाले. ह्यांचं सगळ्याच बाबतीत असं असतं.

वितळलं. ठीक काही झालं नाही. दोन दिवसांत गोळ्यांचा हिरवा रंग उतरून उकडल्यासारखा झाला, चौथ्या दिवशी त्या बोटांत धरल्या की पिचत होत्या. तेवीसच्या तेवीस. मोजून ठेवल्या होत्या, कारण शरद ऋतूत टबातून एकेक निवडून, धुऊन, सगळ्यात मोठ्या आणि घट्ट तेवढ्याच मी फ्रिजमध्ये लाडाकोडात ठेवल्या होत्या. उरलेला गाळसाळ बाहेर गॅलरीत एका पसरट ट्रेमध्ये कुजक्या ओल्या पानांत टाकून विसरले होते. त्या ट्रेवर हिवाळाभर किती सकाळी बर्फाचा पापुद्रा धरला, ह्याची मी नोंदही ठेवली नाही. एकदा तर पानंसुद्धा कडक झाली होती.

आणि वसंतात त्या ट्रेमधल्या गोळ्या उघडल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच.

थांबा, गोळ्या म्हणजे काय ते आधी सांगते.

माझ्याकडे यूट्रिक्युलॅरिया ऑस्ट्रॅलिस ही पाण्यात तरंगणारी कीटकभक्षी वनस्पती आहे. (नावावरून ती फक्त ऑस्ट्रेलियातली वाटेल, पण तसं नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'दक्षिणेकडची' एवढाच. युरोप-आशियात ती भरपूर सापडते.) मराठीत जिला सीतेची आसवं म्हणतात ती हिची नात्यातलीच, दोघी यूट्रिक्युलॅरियाच, फक्त ती ओल्या जमिनीवर आणि ही पाण्यात. हिला मूळ नसतं. लांबच लांब खोड, केसांसारखी चिरलेली पानं, आणि पानांवर खसखशीच्या दाण्यांपासून जरा मोठ्या मण्यांपर्यंत असंख्य फुगे. हे फुगे आतलं पाणी बाहेर टाकून स्वतःला पिचकवून बसतात. एखादा पाणपिसू दाराशी असलेल्या केसांना धडकला की दार आत उघडतं, फुगा फुलतो आणि पाण्यासकट पिसू आत. हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आत होतं. भिंगातून कितीही डोळे ताणून बघा, दिसतो तो फक्त 'आधी' आणि 'नंतर'.

दिवस लहान झाले, पाणी गार झालं की हे झाड वाढ थांबवतं. शेंड्याला नवी पानं येतात ती उलगडतच नाहीत. एकावर एक आवळत जातात, आणि शेवटी वाटाण्याएवढी, गर्द हिरवी, बुळबुळीत गोळी तयार होते. हिला ट्युरिऑन म्हणतात. मराठीत काय म्हणावं हा प्रश्नच आहे. कळी म्हटलं तर लोकांना फूल वाटतं. कोंब म्हटलं तर उगवलेला वाटतो, आणि हिचं तर न उगवणं हेच काम. घरात आम्ही गोळीच म्हणतो. फ्रिजमध्ये 'गोळ्या' असं लिहिलेली बरणी असल्यामुळे एकदा नातीने ती औषधाच्या पेटीत नेऊन ठेवली होती, तो वेगळा विषय.

गोळी एकदा ब्लेडने मधोमध कापून भिंगाखाली बघावी. बाहेरची तीन-चार पानं जाड, केसाळ आणि चिकट असतात. त्यांचं काम पांघरुणाचं. आत मात्र पुढच्या वसंताची आख्खी फांदी घडी घालून ठेवलेली असते. प्रत्येक पान, त्याच्या चिरांसकट. शिकारीचे फुगे तेवढे नसतात, ते उगवल्यावर येणाऱ्या पानांवर. पेशी पिठूळ साखरसाठ्याने, म्हणजे स्टार्चने, भरलेल्या. कापलेल्या भागावर आयोडीनचा थेंब टाकला की निळंकाळं होतं, ते मी करून पाहिलंय. ही सगळी बांधाबांध ॲब्सिसिक आम्ल नावाच्या संप्रेरकाच्या हुकमाने होते. पाण्यात ते घातलं तर काही पाणवनस्पती एरवीही गोळ्या करायला लागतात.

गोळी झाली की काही आठवडे तिला कितीही ऊब द्या, ती उघडत नाही. ही तिची स्वतःची झोप. पुरेशी थंडी सोसल्यावर ती झोप उतरते, आणि मग तिला फक्त गारठ्याने डांबून ठेवलेलं असतं. पाणी तापलं, उजेड मिळाला की उघडते. म्हणूनच पाळणारे लोक तिला फ्रिजमध्ये ठेवतात. दोन-चार अंश, अंधार, थोडं पाणी. मीही तेच केलं होतं.

तर प्रश्न असा की लाडाच्या मेल्या आणि उकिरड्यावरच्या जगल्या, हे कसं?

मला उत्तर सोपं वाटलं होतं. थंडी सोसून सोसून बाहेरच्या गोळ्या काटक झाल्या असणार. काटक म्हणजे काय, तर त्यांच्यात साखर वाढली असणार, साखरेमुळे गोठणबिंदू खाली गेला असणार, आणि फ्रिजमधल्या जिथे गोठल्या तिथे ह्या गोठल्याच नसणार. सदतीस वर्षं पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मुलांकडून गोठणबिंदूचे प्रयोग करून घेतलेत मी. द्रावण जितकं तीव्र, तितका गोठणबिंदू खाली. नैवेद्य दाखवल्यासारखं हे उत्तर मी दोन-तीन जणांना दाखवलंसुद्धा.

मग वाचनात चेक प्रजासत्ताकातल्या त्रेबोन इथल्या वनस्पतिशास्त्र संस्थेतलं काम आलं. लुबोमिर अदामेत्स हे तिथले पाण्यातल्या कीटकभक्षी वनस्पतींचे मोठे अभ्यासक. त्यांनी आणि आंद्रेआ कुचेरोवा यांनी 2013 साली गोळ्यांच्या गोठण्याची मोजमापं प्रसिद्ध केली. बारीक थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक, लावून एकेक गोळी थंड करत नेली आणि आत बर्फ नेमका किती तापमानाला धरतो ते टिपलं. ज्या गोळ्यांना हिमात मुरायची संधी मिळाली नव्हती, त्या साधारण उणे 7 ते उणे 10 अंशांना गोठल्या. हिमात मुरलेल्या गोठल्या उणे 3च्या आसपास.

मी हे दोनदा वाचलं. मला वाटलं, रकाने उलटे छापलेत.

कच्ची गोळी उशिरा गोठते, मुरलेली लवकर. आणि तरीही जगते ती मुरलेलीच.

आता निवृत्त झाले म्हणून काय झालं, असं काही समोर आलं की हात शिवशिवतात. पण गोळ्या तर मेल्या होत्या, तेव्हा पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबणं आलं. त्या वर्षी मी मुद्दाम दोन वाटण्या केल्या, निवड न करता, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या. अर्ध्या गोळ्या फ्रिजमध्ये तीन अंशांना, ह्या वेळी पुढच्या कप्प्यात, भिंतीपासून लांब. अर्ध्या बाहेर ट्रेमध्ये, ओल्या पानांत. बाहेर रात्री हलकं हिम पडत राहिलं. कडाक्याची रात्र असली की मी ट्रे आत घेत होते. हलका गारठा आणि कडाका ह्यांतला फरकच तर बघायचा होता.

साहित्य जुनंच: तांबं-कॉन्स्टंटनचं केसाएवढं बारीक थर्मोकपल, दर सेकंदाला आकडा नोंदवणारं यंत्र, थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि मीठ. मीठ-बर्फाचं मिश्रण नीट जमलं तर उणे 21पर्यंत जातं, मला इतकं लागणार नव्हतं. आधी थर्मोकपल नुसत्या बर्फ-पाण्यात बुडवून शून्य तपासून घेतलं. सवय जात नाही. मग फ्रिजमधली एक गोळी टिपकागदावर लोळवून कोरडी केली, बाहेरच्या दोन पानांमध्ये थर्मोकपलचं टोक सरकवलं, गोळी परीक्षानळीत घातली आणि नळी थर्मासमध्ये.

पहिल्या खेपेला उणे 4लाच बर्फ धरला. माझी चूक. गोळीच्या चिकट केसांत पाणी राहिलं होतं, आधी ते गोठलं आणि त्या बर्फाने आतल्या पाण्याला वाट दाखवली. हे फार महत्त्वाचं आहे. शुद्ध पाणी शून्याला गोठतं असं आपण शिकवतो, पण खरं म्हणजे शून्याला बर्फ *वितळतो*. गोठायला पाण्याला कुठून तरी सुरुवात मिळावी लागते. धुळीचा कण, भिंतीवरचा ओरखडा, किंवा आधीच तयार असलेला बर्फाचा स्फटिक. ती मिळाली नाही तर पाणी शून्याखाली कित्येक अंश निवांत द्रवच राहतं.

दुसरी गोळी मी तीन टिपकागद बदलून कोरडी केली. आकडे उतरत गेले. उणे 2. उणे 4. उणे 6, काहीच नाही. उणे 7. मी नातीला हाक मारली, "ये, बघ," तर ती म्हणाली, "आजी, काही होतच नाहीये." उणे 8 गेलं. आणि मग, आकडा उतरायच्या ऐवजी उसळला. उणे 8.3, आणि पुढच्याच काही सेकंदांत उणे दीड.

"गरम झालं?" नातीने विचारलं. हो, गरम झालं. पाण्याचा बर्फ होताना प्रत्येक ग्रॅममागे 334 जूल उष्णता बाहेर पडते. गोळीभर पाणी एकदम गोठलं की ती सगळी उष्णता एकदम निघते आणि थर्मोकपल उडी मारतं. ती उडी हीच बर्फ धरल्याची खूण. इतकी वर्षं हा आलेख मी फळ्यावर काढला, पण एका जिवंत वस्तूच्या पोटात तो होताना पाहिला नव्हता. पाहिला आणि जरा कसंसंच झालं, हेही सांगून टाकते.

मग ट्रेमधली गोळी. तशीच कोरडी करून, तशीच टोचून. उणे 1, उणे 2, आणि उणे 3च्या जरा खाली हलकीच, आळसावलेली उडी. मग आकडा बराच वेळ रेंगाळला आणि हळूहळू पुन्हा उतरू लागला. चार मुरलेल्या गोळ्या मोजल्या, चारही उणे अडीच ते साडेतीनच्या मध्ये. कच्च्या पाच मोजल्या, त्यातली ती ओली सोडली तर सगळ्या उणे 6च्या खाली. माझी साधनं घरगुती, गोळ्या मोजक्या. ह्यावर कुणी प्रबंध लिहू नये. पण रकाने उलटे छापलेले नव्हते.

गोठलेल्या सगळ्या गोळ्या मी दोन वाट्यांत पाणी घालून खिडकीत उजेडाला ठेवल्या. मुरलेल्या चारपैकी तिघी आठवड्याभरात टोकाकडून सैल झाल्या आणि उलगडल्या. कच्च्या पाचही पाणी पिऊन पारदर्शक झाल्या, मग तपकिरी.

कारण असं आहे. कच्ची गोळी बर्फ टाळते. सुरुवात मिळत नाही तोवर तिचं पाणी शून्याखाली द्रव राहतं, आणि तिचा सगळा भरवसा सुरुवात मिळणार नाही ह्यावर. पण इतकं खाली गेल्यावर जेव्हा बर्फ धरतो, तेव्हा तो वादळासारखा पसरतो. पाण्याला कुठे सरकायला सवडच मिळत नाही, ते पेशींच्या आतच गोठतं. पेशीच्या आत बर्फ म्हणजे फाटलेली पटलं. तिथे सगळं संपलं.

मुरलेली गोळी बर्फ टाळत नाही, त्याला जागा दाखवते. पेशींच्या आत नव्हे, पेशींच्या *मधल्या* फटींत. उणे 3लाच तिथे बर्फ धरतो, सावकाश. फटीत बर्फ झाला की तो पेशीतलं पाणी हळूहळू बाहेर ओढतो, पेशी आकसते, आत उरतं ते दाट, साखरेचं द्रावण. आणि *त्या* दाट द्रावणाला मात्र माझा शाळेतला नियम लागू होतो: ते सहजी गोठत नाही. म्हणजे मी पूर्ण चुकले नव्हते, फक्त कुठला भाग गोठू द्यायचा आणि कुठला नाही, हा हिशोब माझ्या उत्तरात नव्हताच. पेशी सुकते, पण फाटत नाही. बर्फ वितळला की पाणी परत आत.

आणि हे जमायला लवकर गोठणं हीच अट आहे. उणे 3ला गोठलं तर पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. उणे 8ला गोठलं तर नाही.

मग फ्रिजमधल्या तेवीस जणींचं काय झालं असेल ते आता कळतं. तीन अंशांत महिनाभर राहणं म्हणजे मुरणं नव्हे. झोप उतरायला तेवढी थंडी पुरते, पण बर्फ सोसायची तयारी शून्याच्या जरा खालच्या, हलक्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या गारठ्यात होते. माझ्या बरणीला तो गारठा कधी लागलाच नाही, आणि एके रात्री एकदम मागच्या भिंतीचा बर्फ अंगावर आला. भोवतीचं पाणी गोठलं, त्याने आतल्यांना सुरुवात करून दिली, आणि कच्च्या पेशींना फटींत बर्फ ठेवायची विद्याच नव्हती.

इथे एक शंका रास्त आहे. पाण्यातल्या झाडाला मुळात हिमाचं काय? पाणी 4 अंशांना सगळ्यात जड, म्हणून तळ्याच्या तळाशी 4 अंशांचं पाणी बसतं आणि बर्फ वर तरंगतो. तळाशी पडून राहिलं की झालं. खोल तळ्यात हे खरंच आहे. ऑस्ट्रॅलिसची गोळी स्वतः पाण्याहून हलकी असते, पण ती कुजत चाललेल्या मूळ झाडाला चिकटलेली राहते आणि ते मेलेलं झाड तिला ओढून तळाशी नेतं. वसंतात ते पुरतं कुजलं की गोळी सुटून वर येते. मरून गेलेल्या आईने पिल्लाला पोटाशी धरून खाली न्यावं, तसं आहे हे, पण जाऊ दे, वनस्पतिशास्त्रात आई आणायची नसते.

पण सगळीच तळी खोल नसतात. यूट्रिक्युलॅरिया मायनर आणि इंटरमीडिया ह्यांसारख्या जाती दलदलीतल्या बोटभर पाण्यात राहतात, जिथे हिवाळ्यात तळापर्यंत सगळं गोठतं. कधी पाणी ओसरतं आणि गोळ्या ओल्या शेवाळात उघड्या पडतात. तिथे बुडून सुटका नाही, सोसावंच लागतं.

आल्ड्रोव्हांडाची गोष्ट निराळी. ही पाण्यातली दुसरी शिकारीण, चक्राकार पानांच्या टोकाला शिंपल्यासारखे सापळे असलेली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली तिला आल्ड्रोव्हांडा म्हटलं; त्याआधी मोंतीने 1747 साली आल्ड्रोव्हांडिया असं नाव दिलं होतं, इटालियन निसर्गतज्ज्ञ आल्ड्रोव्हांडीच्या मानार्थ. मधला 'इ' कुठेतरी गळला तो गळलाच. तर ही बाई स्वतःच बुडते. शरद ऋतूत गोळीतल्या हवेच्या फटींत पाणी भरतं, ती जड होऊन तळाशी जाते. वसंतात पाणी तापलं की फटींत पुन्हा वायू साठतो आणि ती वर येते. बर्फाशी गाठ पडू न देणं हा तिचा मुख्य मार्ग. आणि उष्ण प्रदेशातल्या तिच्या काही वाणांना तर धड गोळीच बांधता येत नाही.

एक गोष्ट मी विसरत होते. मुरलेपण टिकत नाही. गोळी एकदा सैल होऊन उलगडायला लागली की ती कच्च्याहून कच्ची. गेल्या वर्षी ट्रेमधल्या दोन उलगडल्या होत्या आणि मागाहून एक हिमाची रात्र आली. त्या दोघी गेल्या, शेजारच्या बंद गोळ्यांना काही झालं नाही. ट्रे आत घ्यायचा माझा आळस, दुसरं काय.

यंदा फ्रिजमध्ये ऑस्ट्रॅलिस ठेवलेलीच नाही, सगळी बाहेर ट्रेमध्ये आहे आणि ह्यांना गॅलरीत पाय ठेवायला जागा उरलेली नाही. फ्रिजच्या पुढच्या कप्प्यात एकच छोटी बाटली आहे. तिच्यात आल्ड्रोव्हांडाच्या चौदा गोळ्या आहेत. नात रोज विचारते, ह्यांना कधी टोचायचं. थर्मोकपल काढून, पुसून, टेबलावर ठेवलंय. बाटली काही अजून उघडलेली नाही.